चुकारा अडला कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कापूस विकणाऱ्या माणसाला दोन कागदांची ओढ असते. पहिली काटापट्टी आणि दुसरा चुकारा. काटापट्टी मिळाली म्हणजे कापूस मोजला गेला, चुकारा मिळाला म्हणजे तो विकला गेला. या दोन कागदांच्या मधे पूर्वी एक मुनीम आणि दोन खातेवह्या असत. काट्यावरची वही काट्यावर, पैशाची वही कचेरीत. मुनीम संध्याकाळी काटाघरात जायचा, दिवसभराची वजने उतरवून आणायचा आणि चुकारे लिहायचा. संगणक आले तेव्हा वह्यांच्या जागी डेटाबेस आले, आणि मुनिमाच्या त्या फेरीच्या जागी प्रोग्रॅममधल्या चार-सहा ओळी. एका डेटाबेसमधून दुसरा उघडायचा, हवे ते वाचायचे आणि परत यायचे. या ओळी बिघडल्या की काय होते, याबद्दल आज मी बोलणार आहे.

राजुरा तालुक्यात संगणक दुरुस्तीची आणि असल्या लहान प्रोग्रॅमची कामे मी बरीच वर्षे करतो. ही हकिकत २००८ सालच्या डिसेंबरची आहे. ज्या खरेदी केंद्रावर ती घडली त्याचे नाव सांगण्याची गरज नाही. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,००० रुपये झाला होता. आदल्या वर्षी तो २,०३० होता. त्यामुळे बंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर यांची रांग रस्त्यापर्यंत लागायची. खरेदी नोव्हेंबरच्या मध्यानंतर सुरू झाली आणि महिनाअखेरपर्यंत चुकारे वेळेवर निघाले. १ डिसेंबरला मात्र सगळे अडले. कचेरीतला मुलगा 'चुकारे तयार करा' या बटणावर क्लिक करायचा, घड्याळाचे चित्र फिरत राहायचे आणि थोड्या वेळाने दुसरा प्रोग्रॅम कामात आहे, पुन्हा प्रयत्न करा, अशा अर्थाची इंग्रजी सूचना यायची. पुन्हा प्रयत्न केला की पुन्हा तीच. मला बोलावणे आले ते तिसऱ्या दिवशी. फाटकापाशी काटापट्ट्या हातात घेऊन माणसे बसली होती. कुणाला उधारी चुकवायची होती, कुणाच्या घरी लग्न होते.

कचेरीतल्या सगळ्यांचा संशय तारेवर होता. काटाघर आणि कचेरी यांच्यामधली नेटवर्कची तार उंदराने कुरतडली असावी, असा निकाल लागून गेला होता. पण तार तुटली असती तर प्रोग्रॅमने फाइल सापडत नाही असे सरळ सांगितले असते. आमच्या धंद्यात तक्रार करणारा बिघड हा सज्जन बिघड. हा तर गप्प बसला होता.

दोन्ही डेटाबेस मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधले होते. ॲक्सेसची फाइल कुणी उघडली की तिच्या शेजारी एक छोटी फाइल आपोआप तयार होते. त्या काळी तिच्या नावाच्या शेवटी 'एलडीबी' असायचे. कोणत्या संगणकाने मूळ फाइल उघडली आहे याची ती हजेरी. साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते. काटाघरातल्या हजेरीत मला कचेरीच्या संगणकाचे नाव एकदा नव्हे, सात वेळा दिसले. म्हणजे तार शाबूत होती. कचेरीचा संगणक काटाघरापर्यंत सात वेळा पोचला होता आणि एकदाही परतला नव्हता.

आता थोडे तांत्रिक, पण कठीण नाही. एका डेटाबेसमधून दुसरा उघडण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत प्रोग्रॅम दुसरा एक अख्खा ॲक्सेस सुरू करतो आणि माणूस उघडतो तशीच ती फाइल त्यात उघडतो. मग त्या फाइलचे स्वागताचे फॉर्म, सुरुवातीच्या सूचना, जे काही असेल ते सगळे चालते. दुसऱ्या रीतीत फक्त तक्ते उघडतात. दिवाणखान्यात न जाता थेट कोठारात जावे तसे. तिथे कुणी विचारपूस करत नाही. ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला होता त्याने पहिली रीत वापरली होती, आणि नोव्हेंबरभर ती बिनबोभाट चालली.

१ तारखेला मात्र काटाघराच्या फाइलने एक प्रश्न विचारायला सुरुवात केली: 'मागील महिना बंद करायचा का? हो / नाही.' काट्यावरचा माणूस सकाळी तो प्रश्न पाहायचा, 'नाही' म्हणायचा आणि कामाला लागायचा. पण कचेरीतून प्रोग्रॅमने ती फाइल उघडली की तो प्रश्न चुकाऱ्याच्या पडदाभर पसरलेल्या खिडकीमागे उघडायचा. विचारणारा उत्तराची वाट पाहतोय, बटण दाबणारा चुकाऱ्याची वाट पाहतोय, आणि मधल्या मधे प्रश्न कुणाच्या नजरेस पडत नाही. वैतागून मुलगा प्रोग्रॅम बंद करायचा, पण मागचा ॲक्सेस तसाच उभा राहायचा. कंट्रोल, आल्ट, डिलीट दाबून यादी पाहिली तर सात ॲक्सेस ओळीने बसलेले. ते बंद केले आणि उघडण्याची ती ओळ बदलून दुसरी रीत घातली. पंधरा मिनिटांचे काम.

बटण दाबले. यादी झरझर आली. बाहेर बातमी गेली, माणसे उठून उभी राहिली. धनादेश छापायला सुरुवात करणार इतक्यात रोखपाल पडद्याकडे बोट करून म्हणाले, "भाऊ, थांबा जरा. हे तर औंदा कापूस घेऊन आलेच नाहीत. यांचं वावर खाणीत गेलं ना."

राजुऱ्याच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. सास्ती, गोवरी, पवनी. कोणाची जमीन कधी गेली हे इथे पाठ असते. संगणकाला ते पाठ नव्हते. ती यादी ३ डिसेंबर २००८ ची नव्हतीच, ती १२ मार्च २००८ ची होती. आदल्या हंगामात ज्यांचे पैसे चुकते झाले होते, त्यांना नव्या भावाने पुन्हा पैसे निघणार होते, आणि बाहेर बसलेल्यांना काहीच नाही.

कारण असे. आपण तारीख लिहितो ती आधी दिवस, मग महिना. विंडोजलाही आपण तसे सांगून ठेवतो आणि पडद्यावर तारीख तशीच दिसते. पण ॲक्सेसच्या प्रश्नभाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये, दोन हॅशच्या मधे लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने वाचली जाते, आधी महिना, मग दिवस. विंडोजमध्ये काहीही निवडलेले असो. म्हणून ३/१२ म्हणजे मार्चची १२. आणि खरी गंमत, गंमत म्हणायची तर, पुढे आहे. २८/११ लिहिले तर अठ्ठाविसावा महिना असू शकत नाही, म्हणून ॲक्सेस काही न बोलता आकडे उलटवून घेतो आणि २८ नोव्हेंबर असेच बरोबर वाचतो. त्यामुळे १३ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत प्रोग्रॅम अचूक, आणि १ ते १२ पर्यंत चुकीचा. त्यातही ज्या दिवशी दिवसाचा आणि महिन्याचा आकडा एकच, त्या दिवशी पुन्हा बरोबर. खरेदीच मुळी नोव्हेंबरच्या मध्यानंतर सुरू झाली होती, मग दोष दिसणार कसा? पहिला बिघड दुसऱ्याच्या दारात आडवा पडला होता म्हणून तीन दिवस नुसते चुकारे अडले. पहिला नसता तर १ तारखेलाच १२ जानेवारीचे धनादेश निघाले असते, आणि ते परत कोण मागत बसणार?

तारखांचा असा घोळ राजुऱ्याला नवा नाही. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरमध्ये, आला. निजामी दप्तरात फसली सन असायचा. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. जुना कागद हातात आला की जाणती माणसे आधी विचारत, साल कोणते, फसली की इसवी? असा प्रश्न न विचारल्यामुळे १९९९ साली अमेरिकेच्या नासाचे मंगळाकडे गेलेले एक यान नष्ट झाले. एका गटाचे आकडे पौंडांच्या मापात होते, दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या मापात आहेत असे धरले. दोघांचेही हिशेब आपापल्या जागी बरोबरच होते.

आता काटापट्टीवरून चुकारा बहुधा थेट बँक खात्यात जातो. ॲक्सेसच्या फायली मात्र अजून कितीतरी कचेऱ्यांत आहेत. हजेरीच्या फाइलचे नाव २००७ पासून बदलले, आणि ऑफिसची ६४ बिटांची आवृत्ती २०१० मध्ये आल्यापासून ३२ आणि ६४ यांच्या भांडणाचे नवे बिघड आले. पण तारखेचा हा नियम आहे तसाच आहे.

त्या संध्याकाळी मी तारीख लिहिण्याची ओळ बदलली. आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे २००८-१२-०३. असे लिहिले की ॲक्सेसला उलटसुलट वाचायला वाव राहत नाही. मग रोखपालांनी बाहेरच्या माणसांकडून दहा काटापट्ट्या मागवल्या, मी यादी वाचत गेलो, ते पट्टीवरचे वजन सांगत गेले. दहाही जुळल्यावर छपाई सुरू केली. तिन्ही दिवसांचे धनादेश निघेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. काटाघराच्या फाइलमधला तो 'हो / नाही'चा प्रश्न मी काढला नाही. महिना कधी बंद करायचा, हे काट्यावर बसणाऱ्यानेच ठरवायचे असते.