धानातील कोळी आणि त्याच्या अंगातले जिवाणू



कन्हान, पारशिवनी, मौदा या भागात धानाच्या बांधीत उतरलं, की चुडाच्या बुडाशी करडे कोळी पळताना दिसतात. हे जाळे विणत नाहीत, धावून तुडतुडे पकडतात. भाजीवरचा लाल कोळी वेगळा. तो रस शोषणारी कीड आहे, त्याचा राग यांच्यावर काढू नये. कोळी कमी दिसले की त्यांना काही रोग लागला काय, असे आपण विचारता. तपासता येते, पण उत्तराचा अर्थ जपून लावावा लागतो.

पुष्कळ किडे व कोळी यांच्या पेशींत वोल्बाचिया नावाचे जिवाणू राहतात. १९२४ साली ते अमेरिकेत डासात प्रथम आढळले. पुण्याच्या संशोधकांनी पश्चिम घाटातील फुलपाखरांत डीएनएवरून त्यांचा शोध घेतला, तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. हे जिवाणू आईकडून अंड्यावाटे पिलांत जातात. धानातली मादी अंड्यांची गोळी मागे बांधून हिंडते ना, त्या गोळीतच हा वारसा असू शकतो. युरोपातील एका बुटक्या कोळ्यात यामुळे नर पिले मरतात व माद्याच जास्त उरतात. कोळ्याला हात लावल्याने मात्र हा जिवाणू माणसाला लागत नाही.

आता तपासणी. जिवंत कोळी काही दिवस पाण्यावर उपाशी ठेवतात. कारण सोपे आहे. त्याने खाल्लेल्या तुडतुड्याच्या अंगातही हेच जिवाणू असू शकतात, आणि पोटातला घास कोळ्याच्या नावावर चढतो! पायाचा तुकडा वेगळा तपासला तर आणखी बरे. मग डीएनए काढून यंत्रात तापवतात, निववतात, पुन्हा तापवतात. दर फेरीला जिवाणूचा ठरलेला तुकडा दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर जातात, तेव्हा कुठे पट्टा दिसतो. सोबत नुसत्या पाण्याची नळी ठेवतात, तिच्यात पट्टा आला तर सारेच बाद. कोळ्याचा स्वतःचा डीएनएही दिसला पाहिजे. तो कुजला असेल तर ‘जिवाणू नाही’ या उत्तराला किंमत नाही.

आणि ‘आहे’ आले म्हणजे कोळी आजारी, असेही नव्हे. कोळी घटले असतील तर आधी फवारणीची वही काढा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांनी धानातले कोळी मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात. माझ्या मते दहापैकी नऊ वेळा उत्तर तिथेच सापडेल.

नमुना द्यायचाच असेल तर कोळी फॉर्मेलिनमध्ये टाकू नका, त्याने डीएनए बिघडतो. छिद्रे पाडलेल्या डबीत एकेक कोळी वेगळा ठेवा, एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात. डबीवर गाव, तारीख आणि शेवटच्या फवाऱ्याचे औषध पेन्सिलीने लिहा.