चार पानांचे अर्थशास्त्र

(नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आज आपण ज्या मार्गावर जमलो आहोत, त्याचे जुने नाव लिटन रोड. लिटन हे नाव आपल्याला १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्यामुळे परिचित आहे. देशी भाषांतील पत्रांच्या मुद्रक-प्रकाशकांकडून जामीन मागण्याचा अधिकार त्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला होता आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नव्हती. हा मार्ग इंडिया गेटच्या षट्कोनाला जाऊन मिळतो. त्याच षट्कोनाला आणखी एक रस्ता येऊन मिळतो, तो टिळक मार्ग. पूर्वीचा हार्डिंग अ‍ॅव्हेन्यू. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला तेव्हा लिटनचा कायदा अजून रद्द झालेला नव्हता. तो १८८२ मध्ये रिपनच्या काळात रद्द झाला. परीक्षेत ही दोन वर्षे वेगवेगळ्या प्रश्नांत येतात. आपण ती एकत्र वाचावीत, असे मी सुचवेन.

संयोजकांनी मला विषय दिला तो मात्र अगदी घरगुती आहे: महाविद्यालयाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रातील दैनंदिन काम. मी विद्यार्थिनी असताना दिल्लीतील एका महाविद्यालयात असे चार पानी पाक्षिक निघत असे आणि मी त्यात अडीच वर्षे काम केले. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही.

मराठी माणसाला ही परंपरा नवी नाही. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तिच्या मराठी शाखेने, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेने, १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू केले. पुढे पुण्यात टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी दिवसा न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवीत आणि उरलेल्या वेळात पत्र चालवीत. आर्यभूषण छापखान्याच्या खिळ्यांच्या पेट्या त्यांनी स्वतः वाहून नेल्याचे चरित्रकार सांगतात. छापखान्याची शाई हाताला लागल्याशिवाय संपादकपण पुरे होत नाही, ही समजूत तिथपासूनची असावी.

आमच्याही हाताला ती लागली. १९९० च्या आसपास आमच्या छापखान्यात खिळे जाऊन ऑफसेट आले होते, तरी पान संगणकावर लागत नसे. मजकूर ब्रोमाइड कागदाच्या लांब पट्ट्यांवर येई. त्या कात्रीने कापून आम्ही जाड पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवत असू. एखादी ओळ उरली की ती कुठे बसवायची यावर अर्धा तास वाद होई. शेवटी कोणाचे तरी विशेषण कापले जाई. माझे विद्यार्थी आजही विचारतात की तुमची वाक्ये इतकी आखूड कशी. त्याचे श्रेय त्या कात्रीला आहे.

दोन आठवड्यांचा क्रम ठरलेला असे. पहिल्या सोमवारी बैठक. तीत विषयांपेक्षा जागेची वाटणी अधिक होई: क्रीडा, वसतिगृह, ग्रंथालय, सांस्कृतिक पान. सांस्कृतिक पानाचा वार्ताहर सर्वांत भाग्यवान, कारण त्याला मंडी हाऊसच्या या परिसरात, कमानी सभागृहापासून राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत, नाटके पाहत फिरता येई. मला मिळाला सूचनाफलक. रोज सकाळी पहिल्या तासाआधी कार्यालयाबाहेरचे सर्व फलक वाचायचे आणि नवी सूचना वहीत उतरवून घ्यायची. काम कंटाळवाणे खरे, पण संस्था कशी चालते हे मी त्या वहीतून शिकले. सूचनेवरची तारीख आणि ती लागल्याची तारीख यांत किती अंतर आहे, हे पाहायची सवय तिथेच लागली.

दुसऱ्या आठवड्यात जाहिराती. छायाप्रतींचे दुकान, टंकलेखन वर्ग, चष्मेवाला. कॉलम-सेंटिमीटरचा दर सांगताना आमचा आवाज खाली जात असे आणि दुकानदार तो आणखी खाली आणीत. गुरुवारी मुद्रिते तपासायची, शुक्रवारी पान लावायचे, सोमवारी गठ्ठे उचलायचे, घड्या घालायच्या आणि प्रवेशद्वाराशी उभे राहून वाटायचे. वाटलेला अंक चहाच्या टपरीवर भज्यांखाली दिसला तर वाईट वाटे. पण तेथेही तो वाचला जातो, हे आम्हाला लवकरच कळले.

आता यातील अर्थशास्त्र पाहू. वृत्तपत्राच्या पहिल्या प्रतीचा खर्च मोठा आणि पुढील प्रत्येक प्रतीचा खर्च लहान असतो. समजा, अक्षरजुळणी व प्लेट यांना २,००० रुपये लागतात आणि कागद-छपाईला प्रतीमागे ८० पैसे. ५०० प्रती काढल्या तर सरासरी खर्च ४ रुपये ८० पैसे येतो. २,००० प्रती काढल्या तर तो १ रुपया ८० पैशांवर उतरतो. सरासरी आणि सीमांत खर्चातील फरक पाठ्यपुस्तकात आकृतीने शिकवतात; आम्ही तो छापखान्याच्या बिलावर शिकलो. शिवाय बातमी एकाने वाचली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही, आणि न देणाऱ्यालाही ती कळतेच. म्हणून वाचक पैसे देत नाही. मग खर्च कोणी उचलायचा? प्रवेशशुल्कातील एखादे शीर्ष, जाहिरातदार किंवा संस्थेचे अनुदान, हे तीनच मार्ग उरतात. जो खर्च उचलतो त्याचा हात संपादकाच्या खांद्यावर असतो. कधी तो शाबासकीसाठी असतो, कधी थांबवण्यासाठी.

तो हात आम्हाला एकदा चांगलाच जाणवला. सूचनाफलकाच्या वहीवरून माझ्या लक्षात आले की शिष्यवृत्तीची रक्कम आल्याची सूचना गेल्या वर्षी लागली होती, यंदा लागलेली नाही. वसतिगृहात विचारले तर बहुतेकांना रक्कम मंजूर झाल्याचेच ठाऊक नव्हते. आम्ही तिघे जण रोखपालाच्या खिडकीशी गेलो. नोंदवही दाखवता येणार नाही, असे उत्तर मिळाले. मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. प्रत्येक वर्गात जाऊन अर्ज केलेल्यांची नावे, अर्जाची तारीख आणि पैसे मिळाले की नाही, हे लिहून घेतले. खात्याच्या कार्यालयात चौकशी केली, तेव्हा रक्कम महाविद्यालयाकडे कधीच पाठवल्याचे समजले. ती वाटली गेली नव्हती, इतकाच प्रकार होता. अपहार वगैरे काही नव्हते; यादी करण्याचे काम कोणाचे, हे दोन टेबलांमध्ये ठरले नव्हते.

बातमी लिहिली. मुद्रित सल्लागार प्राध्यापकांच्या सहीसाठी गेले आणि चार दिवस टेबलावर पडून राहिले. "आकडे नकोत, आवाहन करा," असा निरोप आला. आमच्यात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, पुढच्या अंकाचे अनुदान अडकेल. दुसऱ्याचे म्हणणे, आकड्याशिवाय बातमी म्हणजे नुसती तक्रार. अखेर आकडे ठेवले आणि त्यांच्याशेजारी त्याच आकाराच्या चौकटीत कार्यालयाचे उत्तर छापायचे, असे ठरले. उत्तर मागण्यासाठी आम्ही लेखी पत्र दिले, त्याची पोच घेतली. सही मिळाली. अंक निघाल्यावर आठवड्याभरात नावांची यादी फलकावर लागली. त्या यादीतील काही जण तोवर शिक्षण सोडून गावी गेले होते. त्यांना पत्रे पाठवली. सगळी उत्तरे आली नाहीत.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये माहितीच्या विषमतेवर लिहिले आणि २००१ मध्ये त्यांना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला. त्यांचा नमुना जुन्या मोटारींच्या बाजाराचा होता. रोखपालाच्या खिडकीच्या आतील माणसाला जे माहीत असते ते बाहेरच्याला नसते, हीसुद्धा विषमताच. अमर्त्य सेन यांनी मुक्त वृत्तपत्रे आणि दुष्काळ यांचा जो संबंध दाखवला, त्याचे मर्मही हेच आहे की धान्याच्या उपलब्धतेइतकेच महत्त्व ते कोणापर्यंत पोहोचत नाही हे वेळेत कळण्याला असते. चार पानी पाक्षिकाची तुलना त्याच्याशी करणे धाडसाचे आहे, पण यंत्रणा तीच आहे.

कागदपत्रांची पोच घेण्याचा आमचा आग्रह उगाच नव्हता. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध 'केसरी' व 'मराठा' यांनी ज्या पत्रांवर विसंबून लिहिले, ती बनावट ठरली. टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. तेव्हा दोघांची वये सव्विशीच्या आसपास होती. म्हणजे आपल्यापैकी अनेकांएवढी. हेतू शुद्ध असला तरी कागद खरा आहे की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

परदेशातही विद्यार्थी-पत्रांनी कायद्याला प्रश्न विचारले आहेत. १९७१ मध्ये पोलिसांनी छायाचित्रांच्या शोधात 'स्टॅनफर्ड डेली' या विद्यार्थी-दैनिकाच्या कार्यालयाची झडती घेतली. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल पत्राच्या विरोधात दिला. पण १९८० मध्ये तेथील संसदेने अशा झडत्यांवर मर्यादा घालणारा कायदा केला. खटला हरूनही कायदा मिळाला, असे थोडक्यात म्हणता येईल.

आपल्याकडे १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याची जागा २०२३ च्या वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला आहे. सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील टीकाटिप्पणी ठरावीक कालावधीने छापणारे प्रकाशन त्याच्या व्याख्येत येते. वैज्ञानिक, तांत्रिक व शैक्षणिक स्वरूपाची नियतकालिके वगळली आहेत. बातम्या देणाऱ्या विद्यार्थी-पत्राने ही व्याख्या मुळातून वाचावी. घटनेचे अनुच्छेद १९(१)(क) आणि १९(२) आपल्याला पाठ असतीलच.

आज दिल्ली विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालेल्या 'डीयू बीट'सारखी पत्रे विद्यार्थीच चालवतात. अनेक ठिकाणी छापील अंक जाऊन मोबाईलवरचा मजकूर आला आहे. खर्च जवळजवळ संपला, हे चांगले झाले. पण जागाही अमर्याद झाली, हे मला तितकेसे चांगले वाटत नाही. चार पाने असली की एक बातमी घेताना दुसरी सोडावी लागते. संधीखर्चाचा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही. आणि महाविद्यालयीन वार्षिकांकाविषयी तर न बोललेले बरे. मान्यवरांची छायाचित्रे आणि पावसावरील कविता यांतून बातमी शोधावी लागते.

शिष्यवृत्तीचा पैसाही आता बहुधा रोखपालाच्या खिडकीतून येत नाही. १ जानेवारी २०१३ पासून थेट लाभ हस्तांतरणाची सुरुवात झाली आणि रक्कम खात्यात जमा होऊ लागली. त्यामुळे आजच्या वार्ताहराचा प्रश्न बदलतो: अर्ज कोणत्या टप्प्यावर अडला, खाते आधारशी जोडलेले नव्हते की संस्थेने पडताळणीच केली नाही? हे विचारण्यासाठी आम्हाला वर्गावर्गांत फिरावे लागले. आपल्याकडे माहिती अधिकार अधिनियम, २००५ आहे. त्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतःहून जाहीर करावयाच्या १७ बाबी आहेत. अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी, वाटप केलेल्या रकमा व लाभार्थींचा तपशील ही त्यांतील एक. ती बाब आपल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर कलम ६ खाली जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. केंद्रीय नियमांनुसार शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तरासाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत आहे. अर्जात "माहिती द्यावी" एवढेच लिहू नये. वर्ष, योजना, आलेली रक्कम, वाटलेली रक्कम आणि प्रलंबित अर्जांची संख्या, असे स्वतंत्र प्रश्न क्रमांक घालून विचारावेत. आणि पोच घ्यावी.

आता आपले प्रश्न असतील तर घेऊ.