पोटऱ्या दुखतात, गोळी थांबवू का?

मंडळी, आज समोर पन्नाशी ओलांडलेले बरेच जण दिसताहेत. म्हणजे अनेकांच्या घरी कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, असणार. काहींनी ती बंदही केली असेल आणि जीपीला अजून सांगितलं नसेल. आपल्या उपखंडातल्या लोकांना हृदयविकार इथल्या, ब्रिटनमधल्या, गोऱ्या लोकांपेक्षा लवकर गाठतो, म्हणून या गुपचूप सोडलेल्या गोळीची मला काळजी वाटते. स्नायूंची भीती निराधार आहे, असं मात्र मी म्हणणार नाही.

बायर कंपनीची सेरिव्हास्टॅटिन ऑगस्ट २००१मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली. काही रुग्णांच्या स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. जगभरातून पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. त्यांतले बरेच जण सोबत जेमफायब्रोझिल हे रक्तातली चरबी कमी करणारं औषध घेत होते. या औषधामुळे स्टॅटिनचा शरीरात निचरा होत नाही आणि रक्तातलं प्रमाण चढत जातं. आज वापरात असलेल्या स्टॅटिन्समध्ये इतका गंभीर प्रकार वर्षाला लाखात मोजक्यांनाच होतो.

मग एवढ्या लोकांच्या पोटऱ्या का दुखतात? इथेच, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये, याचा एक सुरेख प्रयोग झाला. त्याचं नाव सॅमसन, निष्कर्ष २०२०मध्ये आले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले साठ जण घेतले. प्रत्येकाला बारा बाटल्या, महिन्याला एक: चार बाटल्यांत अॅटॉरव्हास्टॅटिन, चारांत हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि चार चक्क रिकाम्या. रिकामी बाटली उघडच कळते. बाकीच्या आठांत काय आहे, हे कुणालाच ठाऊक नाही. त्रास किती, हे रोज फोनवर शंभरपैकी आकड्यात नोंदवायचं. रिकाम्या महिन्यांची सरासरी आली ८, स्टॅटिनच्या महिन्यांची १६.३ आणि खोट्या गोळीची १५.४!

यावर हसू नका. खोट्या गोळीच्या महिन्यात त्या माणसांना खरोखरच त्रास होत होता, ते नाटक करत नव्हते. वाईट होणार अशी धास्ती घेतली की शरीर तसं वागू लागतं. डॉक्टर याला नोसीबो म्हणतात. स्वतःचा तक्ता पाहिल्यावर साठांपैकी तीस जणांनी पुन्हा स्टॅटिन घेतलं. ‘हे सगळं तुमच्या मनात आहे’ असं सांगून रुग्णाला परत पाठवणाऱ्या डॉक्टरांनी हा तक्ता दाखवण्यातली सभ्यता शिकावी.

२०२२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मोठं विश्लेषण आलं. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांना स्नायूंचा त्रास झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांना. पहिल्या वर्षी हजारात सुमारे अकरा जणांचा जादा त्रास गोळीमुळे होता, त्यानंतर फरक जवळजवळ उरला नाही. पण त्या अकरांत आपण असू शकतो, हेही खरं.

त्यांना ओळखायचं कसं? गोळीचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या, कंबर, खांदे यांत असतं, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत येतं. एकाच गुडघ्यात कळ असेल तर गोळीला दोष देण्याआधी गुडघा तपासा. जीपी रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारं विकर, बघतील, थायरॉइडही बघतील. थायरॉइड मंदावला असेल तर कोलेस्टेरॉलही चढतं आणि स्नायूही दुखतात. मात्र जिने चढवेनासे झाले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. क्वचित काहींच्या शरीरात स्टॅटिनमुळे स्नायूंवर हल्ला करणारी प्रतिपिंडं तयार होतात, आणि गोळी बंद केल्यावरही अशक्तपणा वाढत जातो. तेव्हा वेगळे उपचार लागतात.

‘मग नैसर्गिक काही घेऊ का?’ हा प्रश्न येणारच. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात पहिलं स्टॅटिन शोधलं ते बुरशीतून. दुकानात मिळणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळातला मोनॅकोलिन के हा घटक रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. म्हणजे तीच गोळी, पण डोस माहीत नसलेली.

खरे पर्याय आहेत: डोस कमी करणं, स्टॅटिन बदलणं, किंवा एझेटिमाइब आणि बेम्पेडोइक आम्ल ही स्टॅटिन नसलेली औषधं. बेम्पेडोइक आम्ल यकृतातच सक्रिय होतं, स्नायूंत नाही. रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन आशियाई लोकांच्या रक्तात जास्त चढतं, म्हणून त्यांना ते पाच मिलिग्रॅमपासून सुरू करतात.

आणि पुण्याहून बॅगेत आणलेल्या गोळ्यांबद्दल. तिकडचं ब्रँडनाव आणि इथल्या डब्यावरचं नाव वेगळं, आत औषध एकच. दोन्ही घेतली की डोस दुप्पट. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिलं तर सिम्व्हास्टॅटिन तेवढे दिवस बंद ठेवावं लागतं, आणि ग्रेपफ्रूटचा रसही त्याच्यासोबत चालत नाही. तुमचा जीपी इथल्या नोंदी बघतो, पुण्याच्या चिठ्ठ्या त्याला दिसत नाहीत. पुढच्या भेटीला सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.