एक हात अंतर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख 'विमाने उतरवणारा' अशी करून देण्यात आली. विमान वैमानिक उतरवतो. मी हवाई वाहतूक नियंत्रक होतो. अलाहाबादला प्रशिक्षण घेतले आणि निवृत्तीपर्यंतची बहुतेक वर्षे रडारच्या पडद्यासमोर बसून येणाऱ्या विमानांची रांग लावली. पण रांग लावायचा पहिला धडा मी याच मैदानावर घेतला. कवायतीचे सर ओरडायचे, "एक हात अंतर!" आणि आपण पुढच्याला कोपर मारायची संधी साधायचो.

आकाशातला हा एक हात विमानतळाजवळ साधारण तीन सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाच किलोमीटरचा असतो. पुढचे विमान अवजड आणि मागचे मध्यम असेल, तर तो पाच मैलांचा होतो. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात. मागचे त्यांत सापडले, तर कलंडू शकते.

आता मुंबईचेच घ्या. तिथे धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे जवळपास सगळे काम एका वेळी एकीवरच चालते. दिल्ली, चेन्नई, दुबई, कुठूनही आलेले विमान शेवटी त्याच एका रेषेवर आणावे लागते. रस्त्यावरचा हवालदार हात दाखवून गाडी थांबवतो. आम्हाला ती सोय नाही, विमान थांबले की पडले. मग उपाय दोनच. एक, वाट लांबवायची, म्हणजे वळवून आणायचे किंवा घिरट्या घालायला लावायचे. अशी एक घिरटी साधारण चार मिनिटांची. दुसरा, वेग कमी करायचा.

दहा हजार फुटांखाली सर्वसाधारण मर्यादा २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर. तिथून आम्ही २२०, १८०, १६० असे टप्प्याटप्प्याने उतरवत आणतो. सर, तुमचे 'काळ, काम, वेग' इथे रोज उपयोगी पडले. पुढचे विमान १६० नॉटने चालले आहे, मागचे २०० ने, मधले अंतर पाच मैल. ते तीन मैलांवर कधी येईल? फरक ४० नॉटचा, म्हणजे तीन मिनिटांत दोन मैल गेले. उत्तर तीन मिनिटे. परीक्षेत हे गणित चुकले तर दोन गुण जायचे.

म्हणून वेग लांबवर असतानाच कमी करायचा. शेवटच्या मार्गावर आल्यावर वीस नॉटपेक्षा जास्त फरक सांगायचा नाही आणि शेवटच्या चार मैलांत तर वेगाबद्दल बोलायचेच नाही. तिथे वैमानिकाला विमान स्थिर करू द्यायचे. 'झटकन खाली ये आणि हळूही हो' असे एका दमात सांगणे हे अडाण्याचे काम. आपल्या शाळेच्या उतारावर ज्यांनी सायकल सोडली आहे, त्यांना कारण सांगायला नको.

हे सगळे मला पाठ होते, तरी मी एकदा चुकलो. ठिकाणाचे नाव सांगत नाही. पावसाळ्यातली संध्याकाळ होती, रांगेत नऊ विमाने होती. कुणालाही घिरट्या घालायला न लावता सगळी उतरवायची, अशी मला खुमखुमी होती. दोन विमानांमध्ये मी जेमतेम साडेतीन मैल ठेवले. नियमात बसत होते. पण धावपट्टी ओली होती. पुढचे विमान नेहमीच्या वळणावर बाहेर पडू शकले नाही, पुढच्या वळणापर्यंत हळूहळू गेले. मागचे तोवर दारात आले होते. टॉवरवरच्या सहकाऱ्याने त्याला न उतरता वर जायला सांगितले, ते बरोबरच होते. ते विमान परत माझ्याकडे आले आणि वैमानिक शांतपणे म्हणाला, "मिनिमम फ्युएल."

हा संकटाचा पुकारा नसतो. त्याचा अर्थ एवढाच, की आता आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल. मी मागच्या दोघांचा वेग उतरवला, तिसऱ्याला रांगेतून बाहेर वळवले आणि याला जागा करून दिली. विमान सुखरूप उतरले. कुणाला काही कळलेही नसेल. पण हेडफोन काढला तेव्हा माझे कान घामाने भिजले होते.

आमचे वरिष्ठ रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अर्धा मैल वाचवलास आणि त्याची पंधरा मिनिटे घालवलीस." त्या दिवसापासून पाऊस दिसला की मी मैलभर जास्त सोडायचो. "जागा वाया जाते," अशी कुरकुर मग नवे सहकारी करायचे. त्यांना मी ही गोष्ट सांगायचो.

कवायतीचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही अंतर ठेवायला सांगायचात तेव्हा आम्ही मागे हसायचो. कशासाठी ते तुम्ही कधी सांगितले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. मला ते कळायला पावसाळ्यातली एक संध्याकाळ लागली. उशिरा का होईना, तुमचे आभार मानतो आणि थांबतो.