रिमोट आपला, वाहिन्या कुणाच्या?



भाकरी थापून झाल्या, चुलीपुढचं आवरलं की आपल्या घरात टीव्ही लागतो. सासूबाईंना एक मालिका हवी, सुनेला दुसरी. रिमोट कुणाच्या हातात, यावरून रुसवेफुगवे होतात. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या वाहिन्यांच्या मालकांबद्दल.

झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि सोनी मराठी या चार वाहिन्या आपल्या ओळखीच्या. चारही चार वेगळ्या घरच्या होत्या. स्टार प्रवाह ही स्टारची, आणि स्टार अमेरिकेतल्या डिस्नी कंपनीच्या हातात. कलर्स मराठी, म्हणजे आपली जुनी ईटीव्ही मराठी, ही रिलायन्सच्या वायाकॉम १८ ची. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी या दोन घरांचं एकत्रीकरण पूर्ण झालं. नव्या कंपनीचं नाव जिओस्टार. तिची किंमत ७०,३५२ कोटी रुपये धरली गेली आणि शंभरावर वाहिन्या एका छपराखाली आल्या. पुढं फेब्रुवारी २०२५ मध्ये मोबाइलवरचं जिओसिनेमा आणि हॉटस्टारही एक झालं.

झी आणि सोनीनेही डिसेंबर २०२१ मध्ये एक होण्याचा करार केला होता. तो २२ जानेवारी २०२४ ला सोनीने मोडला. तो पार पडला असता, तर या चार वाहिन्यांचे दोनच मालक उरले असते.

गटाच्या बैठकीत आम्ही हे सांगितलं, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "मालक कुणी का असेना, मालिका तर लागतेच की!" बरोबर आहे. पण सोयाबीनची पोती घेऊन आपण आडतीवर जातो, ते आठवा. दोन व्यापारी बोली लावत असले की भाव चढतो. त्याच दोघांनी भागीदारी केली, तर बोली कोण लावणार?

इथंही तसंच आहे. २०२३ मध्ये ही दोन घरं वेगळी होती. जिओसिनेमाने आयपीएलचे सामने मोबाइलवर फुकट दाखवले. मग हॉटस्टारनेही त्या वर्षीचा विश्वचषक मोबाइलवर फुकट दाखवला. चुरस होती, म्हणून पाहणाऱ्याचा फायदा झाला. दोन्ही एक झाल्यावर २०२५ ची आयपीएल पूर्ण पाहायची, तर वर्गणी भरा किंवा ठरावीक रिचार्ज मारा, असं झालं.

मालिका लिहिणाऱ्यांचं आणि बनवणाऱ्यांचंही तेच. एका दारी गोष्ट नाकारली, तर दुसरं दार ठोठावता येतं. दारं कमी झाली, की गोष्टीही एकसारख्या होण्याची भीती असते.

एकत्र आल्यानं खर्च वाचतो, परदेशी कंपन्यांपुढं टिकाव लागतो, असं यावर सांगितलं जातं. त्यातही तथ्य आहे. म्हणूनच असे व्यवहार तपासायला सरकारचा भारतीय स्पर्धा आयोग आहे. त्याने २८ ऑगस्ट २०२४ ला या व्यवहाराला काही अटींवर मंजुरी दिली.

मग आपल्या हातात काय आहे? पहिली गोष्ट, पॅक उघडून बघा. आमच्यातल्या एकीच्या पॅकमध्ये घरात कुणालाच न समजणाऱ्या भाषांच्या वाहिन्या निघाल्या, आणि त्यांचे पैसे ती दर महिन्याला भरत होती. ट्रायच्या नियमानुसार २०१९ पासून पैसे देऊन पाहायची प्रत्येक वाहिनी सुटी घेता येते. हव्या त्या वाहिन्यांची यादी करा, सुट्या किमतीची बेरीज करा, तिच्यात जोडणीचं भाडं आणि जीएसटी धरा. मग पॅक स्वस्त पडतो की सुट्या, ते ठरवा. केबलवाला "पॅकच घ्यावा लागतो" म्हणाला, तर नियम सांगा.

दुसरी गोष्ट, डीडी फ्री डिश. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही. पैशाच्या वाहिन्या तिथं दिसत नाहीत, पण आपली सह्याद्री दिसते.

तिसरी गोष्ट हा रेडिओ. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायला परवानगी मिळाली. म्हणून म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी केंद्रं उभी राहिली, म्हणूनच आज आम्ही तुमच्याशी बोलतोय.

कळंबची ऊसतोड मजूर, तुळजापूरची आराधी, परंड्यात शेळ्या राखणारी बाई, यांच्या गोष्टीला शंभर वाहिन्यांवर जागा मिळेल तेव्हा मिळेल. इथं ती आज आहे. जात्यावरची ओवी येत असेल, दुष्काळातली आठवण असेल, तर केंद्रावर या. माइकपुढं बसायची लाज वाटली, तर आम्ही शेजारी बसू.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या पॅकची यादी घेऊन यावी. बेरीज मिळून करू.

रामराम.