बधिर हात आणि मेंदूची फेरमांडणी
(बराकपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा अनुवाद)



बराकपूरहून सियालदहकडे निघालेल्या लोकलचे पुढचेच स्थानक टिटागढ. तागाच्या आणि कागदाच्या गिरण्यांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. तेथेच रुळांलगत ‘गांधीजी प्रेम निवास’ ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मदर तेरेसा आणि त्यांच्या भगिनींनी हे काम सुरू केले. या भगिनी ज्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या नेसतात, त्या तेथील हातमागांवर विणल्या जातात, आणि त्या विणणारे हात कुष्ठरोगाने पीडित झालेल्या माणसांचे असतात. त्यांतील अनेकांच्या बोटांना स्पर्श कळत नाही. सूत तुटले तर ते बोटांना समजत नाही, डोळ्यांना समजते.

ज्या हाताकडून मेंदूला वार्ताच पोहोचत नाही, त्या हाताकडून मेंदू इतके नाजूक काम करवून घेतो तरी कसे? आज मला या प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम हानी कशी होते ते पाहू. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेतील हान्सेन यांनी शोधला. शरीराचे थंड भाग या जंतूला मानवतात. त्यामुळे कातडीच्या निकट असलेले मज्जातंतू तो विशेषेकरून गाठतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागे जो मज्जातंतू असतो, ज्याला धक्का लागताच करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तो या रोगाचे नेहमीचे लक्ष्य होय. तो निकामी झाला म्हणजे करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते, तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे पक्ष्याच्या नखीसारखी आत वळतात. पाहणारा त्या वळलेल्या बोटांना भितो. रोग्याचा खरा शत्रू मात्र न दिसणारा बधिरपणा असतो.

आता मेंदूकडे वळू. मेंदूच्या पृष्ठभागावर एका पट्ट्यात सर्व शरीराच्या स्पर्शाचा जणू नकाशा रेखलेला असतो. माँट्रियल येथील शल्यविशारद पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने स्पर्श करून १९३७ साली तो प्रसिद्ध केला. त्यात ओठ आणि अंगठा यांना फार मोठी जागा आहे, आणि एवढ्या विस्तीर्ण पाठीला अगदी थोडी. हा नकाशा प्रौढपणी कायमचा ठरून जातो, अशी समजूत पुढे दीर्घकाळ रूढ होती.

अमेरिकेतील मर्झेनिक, कास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३च्या सुमारास या समजुतीला धक्का दिला. त्यांनी माकडाच्या हातातील एक प्रमुख मज्जातंतू छेदला आणि त्याच्या वाट्याच्या मेंदूतील भागाचे काय होते याची नोंद ठेवली. तो भाग मुका राहिला नाही. हाताच्या मागील बाजूच्या स्पर्शाला तो प्रतिसाद देऊ लागला, आणि काही आठवड्यांत बराचसा प्रदेश शेजाऱ्यांनी व्यापला. पडीक शेतात शेजाऱ्याचे बांध सरकत यावेत, तसा हा प्रकार. (अशा प्रयोगांतील माकडांचे ऋण आपण फार क्वचित आठवतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.)

तथापि ‘बांध सरकले’ म्हणजे जुन्या मालकाचा हक्क संपला काय? यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. हात तोडावा लागण्यापूर्वी आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत तीन व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेले एक संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की नाहीशा झालेल्या हाताचा नकाशा मेंदूत जवळजवळ जसाच्या तसा शिल्लक होता. मला स्वतःला वाटते, जुनी आखणी सहसा पुसली जात नाही; तिच्यावर कोणाच्या वार्तेला किती वजन द्यायचे, एवढे बदलते. परंतु प्रश्न मिटलेला नाही.

कुष्ठरोगाने या वादात एक विलक्षण साक्ष दिली आहे. अपघातात वा शस्त्रक्रियेने हात गेलेल्या माणसाला तो हात अजून जागेवर असल्याचा भास होतो, कित्येकदा त्यात कळाही येतात. मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९५६ साली कुष्ठरुग्णांविषयीचे आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्यांची बोटे अनेक वर्षांत हळूहळू झिजून आखूड झाली होती, त्यांना गेलेल्या बोटांचा भास होत नव्हता. शस्त्रक्रियेने काही भाग कापावा लागला, तर मात्र भास होई. म्हणजे एकाएकी झालेली हानी मेंदू मान्य करीत नाही. सावकाश झालेली मान्य करतो. त्या बोटांना आधीच बधिरता आली होती, हेही एक कारण असू शकेल.

या निरीक्षणाकडे केवळ कुतूहलाने पाहू नये. मेंदूची जुळवून घेण्याची शक्ती आपण नेहमी वरदान म्हणून वाखाणतो. येथे तीच रोग्याचा घात करते. हात मुका झाला की मेंदू त्याच्या रक्षणाची चिंता सोडतो. विडी बोटांपर्यंत जळत येते, पातेले उघड्या हाताने उतरवले जाते, घट्ट कुलूप उघडताना किल्ली मांसात रुतते. आणि माणूस शांतपणे पुढच्या कामाला लागतो. वेल्लोरला १९४६ साली आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी या जखमांचा अक्षरशः गुप्तहेरासारखा माग काढला. बोटे रोगाने आपोआप गळून पडतात, ही समजूत तेव्हा डॉक्टरांतही होती. जंतू मज्जातंतू मारतो, आणि बोटांचा नाश नंतरच्या जखमांनी व त्या चिघळल्याने होतो, हे त्यांनी दाखवून दिले. काही रुग्णांच्या बोटांचे लचके रात्री झोपेत उंदीर तोडीत असल्याचेही आढळले. त्यावरचा इलाज मांजर पाळणे हा ठरला!

ब्रँड यांचे दुसरे कार्य आपल्या विषयाशी अधिकच निगडित आहे. प्रत्येक बोट वाकवण्यासाठी हातात दोन कंडरा असतात, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोन दोऱ्या. त्यांतील एक कंडरा तिच्या टोकापासून सोडवून, तिचे चार पदर करून, ते चारही बोटांच्या बाजूंना जोडता येतात. अशा तऱ्हेची शस्त्रक्रिया वेल्लोरला १९४८पासून कुष्ठरुग्णांवर होऊ लागली. पुढे महाराष्ट्रात डॉ. नोशिर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात या कामाची मोठी परंपरा उभी केली. टाके निघाले तरी काम निम्मेच झालेले असते. जो स्नायू जन्मभर एका बोटाचे मधले पेर वाकवीत आला, त्याने आता चारही बोटे मुळाशी वाकवून पुढे सरळ ठेवायची असतात. प्रारंभी रोगी जुनीच हालचाल मनात आणतो. तेव्हा कोठे नवी हालचाल घडते. त्याला स्पर्शाचा आधार नाही, म्हणून तो हाताकडे टक लावून पाहतो. आठवड्यांमागून आठवडे मेणाचा गोळा दाबणे, लाकडी ठोकळे उचलणे चालते. मग एके दिवशी तो हात पुढे करून पेला उचलतो, आणि कोणते बोट मनात आणले होते, हे त्याला आठवतही नाही.

गिरणीच्या यंत्रात मनगटापाशी मज्जातंतू तुटला आणि तो शिवून जोडला, तर कथा थोडी वेगळी असते. तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात, पण पुष्कळदा चुकीच्या पत्त्यावर पोहोचतात. लहान मुलाचा मेंदू ही चुकलेली टपाल-वाटणी लवकर सुधारतो. प्रौढाला शिकावे लागते. स्वीडनमधील माल्मो येथे लुंडबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटांच्या टोकांवर सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवलेला हातमोजा तयार केला. कापूस, लाकूड, धातू यांवरून बोट फिरताच होणारे निरनिराळे आवाज कानी पडतात. मज्जातंतू वाढून येईपर्यंत कान हाताची जागा राखून ठेवतो. पुढे त्यांनी रुग्णाच्या कोपराखालच्या कातडीला मलम लावून ती काही काळ बधिर केली. तेव्हा बोटांचे स्पर्शज्ञान सुधारले. शेजारी गप्प बसला की क्षीण आवाजही ऐकू येतो, तसे हे झाले.

टिटागढच्या विणकराकडे असा हातमोजा नाही. कुष्ठरोगात फार दिवस मेलेला मज्जातंतू सहसा परत येत नाही. म्हणून वेळेला येथे सर्वाधिक महत्त्व आहे. १९८२पासून प्रचारात आलेल्या बहुविध औषधयोजनेने जंतू मरतात. त्यांनी हात जिवंत होत नाही. परंतु बधिरता किंवा अशक्तपणा येऊन सहा महिने उलटले नसतील, तर स्टिरॉइड औषधांनी मज्जातंतू वाचण्याची चांगली आशा असते. अंगावर न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा फिकट चट्टा दिसला, तर तो दुखत नाही म्हणून आपण डॉक्टरांकडे जात नाही. नेमके त्याच कारणासाठी जावे.

ज्यांची वेळ टळून गेली आहे, त्यांना शिकवला जाणारा उपाय फार साधा आहे. दिवसाचे काम संपले की दोन्ही हात उजेडात धरून पेरन् पेर पाहावयाचे, लाली वा फोड आहे काय ते तपासावयाचे, मग हात वीसएक मिनिटे पाण्यात भिजवून, जाड झालेली कातडी हलकेच घासून, ओल्या अंगावरच तेल लावावयाचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.