सातबारा कोरा झाला, पुढे काय?

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरच्या स्थानकात येऊन उभी राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि गावांत पाणी शिरले. अवघ्या दहा वर्षांत या भूमीने दोन्ही टोके पाहिली. दोन्ही वेळी पीक गेले, कर्ज मात्र राहिले, आणि दोन्ही वेळी कर्जमाफीची हाक उठली. ती हाक योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष कर्जापायी गेला, त्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहून अर्थशास्त्राचे धडे देणे आपल्याला शोभणारे नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे. माफीसाठी राष्ट्राच्या तिजोरीतून जो पैसा निघतो, त्यातून राष्ट्राचे काही घडते का, आणि ते पाहायचे कोणी?

मुळात एक गोष्ट ध्यानात घेऊ. कर्जमाफीत सरकार शेतकऱ्याच्या हातावर रुपया ठेवत नाही; ते बँकेचे येणे भागवते. शेतकऱ्याचा लाभ दोन वाटांनी होतो. एक म्हणजे, थकबाकीदाराचा शिक्का पुसला जाऊन त्याला नवे पीककर्ज मिळू शकते. दुसरे म्हणजे, हप्त्याला जाणारा पैसा मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाला, विहिरीच्या कामाला उरतो. या दोन्ही गोष्टी घडल्या, तर ती कर्जमाफी विकासाचे साधन ठरते. न घडल्या, तर स्वच्छ होतात फक्त बँकेच्या वह्या.

अनुभव काय सांगतो? २००८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर्जमाफी आणि कर्जसवलत योजना जाहीर झाली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी आणि त्यावरच्या शेतकऱ्याने तीन चतुर्थांश रक्कम भरल्यास उरलेली सवलत, असे तिचे स्वरूप होते. आपल्या कंधार-अहमदपूरच्या माळरानावर अडीच हेक्टर कोरडवाहू असलेला माणूस या नियमाने ‘मोठा’ ठरला. बारमाही पाण्याचा दोन हेक्टरवाला मात्र ‘लहान’! पुढे भारताच्या महालेखापरीक्षकांनी या योजनेची तपासणी केली आणि २०१३ मध्ये अहवाल संसदेत आला. नऊ राज्यांत तपासलेल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७ खाती पात्र असूनही यादीत आलेली नव्हती. ज्यांना लाभ मिळाला, अशा तपासलेल्या ८०,२९९ खात्यांपैकी साडेआठ टक्के अपात्र होती. ६१,७९३ खात्यांपैकी २१,१८२ खात्यांत शेतकऱ्याला माफीचा दाखला दिल्याचा पुरावाच सापडला नाही. दाखला म्हणजे केवळ कागद नव्हे. तो हाती नसेल, तर आपण कर्जमुक्त झालो हे शेतकऱ्याने पुढच्या पेरणीच्या वेळी कोणत्या आधाराने सांगायचे?

राज्यात २०१७ मध्ये छत्रपतींच्या नावाची योजना आली. तिची घोषणा ३४,०२२ कोटी रुपयांची होती, प्रत्यक्ष वाटप त्याहून बरेच कमी झाले. २०१९ च्या योजनेत गावागावांत याद्या लागल्या, आधार प्रमाणीकरण झाले. ही सुधारणा खरीच. परंतु यादीत नाव आले की आपले लक्ष तिथेच थांबते. त्या नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने पुन्हा समिती नेमली आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे जाहीर केले. म्हणूनच हा विषय आज मांडावा लागतो.

जी चिंता आपल्या शेतकऱ्याची, ती काही राष्ट्रांचीही असते. २००५ मध्ये नायजेरियाचे सुमारे १८ अब्ज डॉलरचे कर्ज धनको राष्ट्रांनी माफ केले. त्या देशाने वाचलेला पैसा अर्थसंकल्पात वेगळी खूण करून दाखवला. तो शाळा, आरोग्य, पाणी यांसाठी राखून ठेवला आणि कामे झाली की नाही, हे पाहायला शासनाबाहेरच्या संस्थांना व तज्ज्ञांना सोबत घेतले. तिथेही सारे निर्दोष झाले, असे नाही. तथापि ‘माफीतून वाचले किती आणि ते गेले कुठे’ हा प्रश्न तिथे अधिकृतपणे विचारला गेला.

आपल्याला मात्र हा धडा परदेशातून आणण्याचे कारण नाही. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवछत्रपतींनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेले पत्र आठवावे. गावोगाव फिरा, कुणब्यांना गोळा करा, कोणाकडे माणूसबळ आणि बैल किती ते पाहा. ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी आणि ज्याला दाणा नाही त्याला दाण्यासाठी द्या. वसुली केवळ मुद्दलाची आणि तीही त्याला शक्ती येईल तशी करा, असा त्या आज्ञेचा आशय आहे. साहाय्य आणि देखरेख त्यात वेगळी नाहीत. जो देतो, तोच शेतावर जाऊन पाहतो.

मग आपण काय करायचे? आंदोलन नव्हे, हिशेब. प्रत्येक गावात दोन-तीन कार्यकर्त्यांनी एक वही घालावी आणि तीन प्रश्न धरून ठेवावेत. यादीतल्या प्रत्येकाला दाखला मिळाला का? पुढच्या खरिपात त्याला बँकेचे पीककर्ज मिळाले, की तो पुन्हा सावकाराकडे गेला? आणि ज्या कारणाने तो बुडाला, ते कारण हटवणारे काम गावात झाले का? कोणाचे कर्ज किती, ही घरची गोष्ट चव्हाट्यावर आणू नये. तेवढी मर्यादा पाळलीच पाहिजे. बँकेचा, तलाठ्याचा दोष शोधायलाही निघू नये. गावाची एकूण संख्या ग्रामसभेत वाचावी, इतिवृत्तात नोंदवावी, आणि जिथे माहिती मिळत नाही तिथे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज करावा. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण कायद्याने ग्रामसभेकडे दिलेच आहे. तीच सवय इथे लावायची आहे.

हे काम नीरस आहे. त्यात हार-तुरे नाहीत, छायाचित्रे नाहीत. पण पुढची कर्जमाफी जाहीर होईल, त्या दिवशी ज्या गावाकडे मागच्या माफीचा हिशेब असेल, ते गाव हात पसरून उभे राहणार नाही. ते वही उघडून बोलेल. नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक गावात अशी एक वही असावी, एवढीच आपल्याकडे मागणी आहे.